हाडांची साक्ष : अब्दुल लतीफ अल-बगदादी (रह.)

माणूस घास चावतो, बोलतो, पवित्र कुरआनची तिलावत करतो, तेव्हा प्रत्येक वेळी त्याचा खालचा जबडा हलत असतो. चेहऱ्यातील बाकी सर्व हाडे एकमेकांत घट्ट बसलेली असतात. हलते हाड हे एवढेच. ते एक आहे की दोन, हा प्रश्न आज आपल्याला किरकोळ वाटेल. परंतु इतिहासात एक काळ असा होता की, जगातील थोर वैद्य हजार वर्षे हे हाड दोन तुकड्यांचे असल्याचे सांगत होते आणि त्यांचे शिष्य ते मुखोद्गत करीत होते. हिजरी सहाव्या शतकाच्या अखेरीस एका मुस्लिम आलिमाने ती समजूत स्वतःच्या डोळ्यांनी तपासली. त्यासाठी त्याला जे पाहावे लागले, ते पाहण्याची वेळ अल्लाह कुणावरही न आणो.

त्या आलिमाचे नाव मुवफ्फकुद्दीन अब्दुल लतीफ बिन यूसुफ अल-बगदादी. हदीस, फिकह, अरबी व्याकरण, तत्त्वज्ञान आणि वैद्यक या सर्व शाखांत त्यांचा अधिकार होता. इब्ने सीना किंवा अर्-राझी यांची नावे आपल्या घरांत अधूनमधून उच्चारली जातात. अब्दुल लतीफ यांचे नाव मात्र क्वचितच ऐकू येते. म्हणून त्यांचे चरित्र येथे थोडक्यात सादर करीत आहोत.

बगदादमधील बालपण

अब्दुल लतीफ यांचा जन्म हिजरी ५५७, म्हणजे इ. स. ११६२ मध्ये बगदाद शहरी झाला. वडील यूसुफ हे हदीस आणि कुरआनविद्येत रमलेले गृहस्थ होते. चुलते फिकहचे जाणकार होते. वडिलांनी मुलाला अगदी लहान वयातच हदीसच्या उस्तादांच्या मजलिसीत नेऊन बसवले आणि दूरदूरच्या शेखांकडून त्याच्यासाठी इजाजत, म्हणजे हदीस पुढे सांगण्याची अनुमती मिळवली. आपल्या बालपणात खेळ आणि मौजमजा जवळजवळ नव्हतीच, ते सारे हदीस ऐकण्यात गेले, असे अब्दुल लतीफ यांनी पुढे आपल्या आत्मवृत्तात नमूद केले आहे.

थोडे मोठे झाल्यावर त्यांना बगदादचे ख्यातनाम व्याकरणकार कमालुद्दीन अल-अंबारी यांच्याकडे पाठविण्यात आले. शेख बोलू लागले की मुलाला एक शब्द कळेना. शेखांनी ही अडचण ओळखली. लहान मुलांना शिकविणे आपल्याला साधत नाही, हे मान्य करून त्यांनी मुलाला आपले शिष्य वजीह अल-वासिती यांच्या स्वाधीन केले. वजीह हे दृष्टिहीन होते. त्यांनी या मुलाला मायेने जवळ घेतले. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत ते त्याला शिकवीत. मशिदीतून घरी परतताना वाटेने चालता चालता पाठांची उजळणी घेत. आपण स्वतः अंबारी यांच्याकडे शिकायला जात, तेव्हा या शिष्यालाही सोबत नेत. अशा रीतीने उस्ताद आणि शागीर्द दोघेही एकाच दारी विद्यार्थी झाले. काही वर्षांत शिष्याची स्मरणशक्ती आणि समज उस्तादांच्याही पुढे गेली.

पुढे आयुष्यभर नजरेच्या साक्षीला सर्वांत वरचे स्थान देणाऱ्या या विद्वानाचा पाया एका दृष्टिहीन उस्तादांनी घातला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कारण पाहणे हे केवळ डोळ्यांचे काम नाही. ऐकलेले काटेकोरपणे लक्षात ठेवणे, पुन्हा पुन्हा पडताळणे आणि जे कळले नाही ते कळले असे न म्हणणे ही सवय आधी लागावी लागते. ती सवय त्यांना वजीह यांच्या सहवासात लागली.

इल्मच्या शोधात

हिजरी ५८५ (इ. स. ११८९) मध्ये, वयाच्या सत्ताविशीत, बगदादमध्ये आपली तहान भागेल असे आता उरले नाही असे वाटून अब्दुल लतीफ यांनी शहर सोडले. प्रथम ते मोसल येथे गेले. तेथे गणित आणि फिकह यांत निष्णात असलेले कमालुद्दीन इब्ने यूनुस त्यांना भेटले. परंतु ते किमयेच्या, म्हणजे हलक्या धातूचे सोने बनविण्याच्या नादात बुडालेले होते. अब्दुल लतीफ यांनीही काही काळ किमयेची पुस्तके वाचली होती. पुढे मात्र ही विद्या पोकळ असल्याची त्यांची खात्री पटली आणि त्यांनी तिच्याविरुद्ध लेखन केले.

मोसलहून ते दमास्कसला आणि तेथून सुलतान सलाहुद्दीन अय्यूबी (रह.) यांच्या छावणीकडे गेले. त्या वेळी अक्का शहरापुढे क्रुसेडर सैन्याशी युद्ध चालू होते. छावणीतही विद्वानांचा मेळा होता. सुलतानांचे सचिव काझी अल-फाझिल यांनी या तरुणाला पवित्र कुरआनातील एका आयतीविषयी व्याकरणाचा बारीक प्रश्न विचारला, त्याची योग्यता ओळखली आणि कैरोमधील आपल्या प्रतिनिधीच्या नावे पत्र दिले. त्या पत्रामुळे कैरोमध्ये अब्दुल लतीफ यांची राहण्याची आणि चरितार्थाची सोय झाली.

कैरोमध्ये ज्यांना भेटण्याची त्यांना विशेष ओढ होती, त्यांत ज्यू वैद्य आणि तत्त्वज्ञ मूसा बिन मैमून हेही होते. विद्या कोणत्या समाजातील माणसापाशी आहे, हा विचार त्यांच्या आड आला नाही. तसेच नाव मोठे आहे म्हणून त्यांनी कुणाला आपोआप मान्यही केले नाही. जो भेटला त्याला त्यांनी तोलून पाहिले आणि जे वाटले ते स्पष्टपणे लिहिले.

११९२ मध्ये तह झाला आणि सुलतान जेरुसलेमला आले. अब्दुल लतीफ तेथे जाऊन त्यांना भेटले. त्या वेळी शहराच्या तटबंदीचे काम चालू होते आणि सुलतान स्वतः खांद्यावरून दगड वाहून नेत होते. रात्री त्यांच्या मजलिसीत आलिमांच्या चर्चा रंगत आणि सुलतान त्या मनापासून ऐकत. त्यांनी अब्दुल लतीफ यांना दमास्कसच्या मशिदीच्या उत्पन्नातून दरमहा ३० दीनार नेमून दिले. सुलतानांच्या मुलांनी दिलेल्या रकमा मिळून हे वेतन पुढे १०० दीनारांवर गेले. ११९३ मध्ये सुलतानांचे निधन झाले. त्यानंतर त्यांचे पुत्र अल-मलिक अल-अझीझ यांच्यासोबत अब्दुल लतीफ पुन्हा मिसर, म्हणजे इजिप्तमध्ये आले.

कैरोच्या जामिआ अल-अझहरमध्ये ते पहाटेपासून सकाळ बरीच वर येईपर्यंत शिकवीत. दुपारी वैद्यकाचे विद्यार्थी येत. दिवस कलताना ते पुन्हा मशिदीत दुसऱ्या विद्यार्थ्यांना शिकवायला बसत. रात्र त्यांच्या स्वतःच्या अभ्यासाची असे. हा क्रम सुरळीत चालू असतानाच मिसरवर एक भयंकर आपत्ती कोसळली.

नाईल रुसली

मिसरची शेती पावसावर चालत नसे. दर वर्षी उन्हाळ्यात नाईल नदीला पूर येई, तिचे पाणी शेतांवर पसरे, ते ओसरल्यावर मागे राहिलेल्या गाळात पेरणी होई. पाण्याची उंची मोजण्यासाठी कैरोजवळ खुणांचा स्तंभ होता. पाणी १६ हात चढले की वर्ष चांगले जाणार, असा ठोकताळा होता. हिजरी ५९६ (इ. स. १२००) च्या पुरात पाणी १३ हातांपर्यंतही पोहोचले नाही. पुढच्या वर्षीही पूर पुरेसा आला नाही.

बहुतांश शेते कोरडी राहिली. धान्य महाग झाले, मग दुर्मीळ झाले, मग बाजारातून नाहीसे झाले. खेड्यांतील लोक शहराकडे लोटले आणि शहराच्या रस्त्यांवर मरू लागले. दुष्काळापाठोपाठ साथीचे आजार आले. अब्दुल लतीफ यांनी या दिवसांचा वृत्तान्त लिहून ठेवला आहे. त्यातील काही भाग कुटुंबात मोठ्याने वाचून दाखविण्यासारखा नाही. भूक माणसाला कोणत्या थराला नेते, हे त्यांनी पाहिले आणि न लपवता नोंदविले. एकट्या कैरोमध्ये सरकारी दप्तरात नोंद झालेल्या मृतांची संख्या २२ महिन्यांत सुमारे १ लाख ११ हजार होती, असे ते सांगतात. ज्यांची नोंदच झाली नाही, ते निराळे. अनेकांना ना कफन मिळाले, ना कबर. १२०२ च्या मे महिन्यात भूकंप झाला आणि उरल्यासुरल्या लोकांवर आणखी एक संकट आले.

अब्दुल लतीफ यांना मिसर सोडून जाता आले असते. दमास्कसमध्ये त्यांची ओळख होती, मान होता. तरीही ते राहिले. विद्यार्थ्यांचे पाठ त्यांनी थांबविले नाहीत आणि पाहिलेले लिहून ठेवण्याचे कामही थांबविले नाही.

मक्सचे टेकाड

याच काळात काही विद्यार्थी त्यांच्याकडे वैद्यकाचा ग्रंथ वाचत होते. शरीररचनेचे प्रकरण आले आणि गाडी अडली. हाडांचे आकार, सांध्यांची ठेवण, एका हाडाची दुसऱ्यात बसण्याची रीत हे सारे शब्दांनी सांगून समजेना. वाचलेले आणि पाहिलेले यांत किती अंतर असते, हे उस्तादांनाही जाणवत होते. तेवढ्यात कळले की, कैरोबाहेर नाईलच्या काठी मक्स नावाच्या ठिकाणी मृतदेहांचे एक टेकाड साचले आहे. दुष्काळात मेलेल्यांना तेथे टाकण्यात आले होते. उस्ताद आणि शिष्य तेथे गेले. समोर मानवी देहांचा डोंगर होता. काही जुने, काही अलीकडचे. अब्दुल लतीफ यांच्या अंदाजाने त्यांची संख्या २० हजारांहून अधिक होती.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. इस्लाममध्ये मृताच्या देहाचा सन्मान जिवंत माणसाच्या देहासारखाच राखायचा असतो. अब्दुल लतीफ हदीसच्या वातावरणात वाढलेले होते. ही शिकवण त्यांना नवी नव्हती. त्यांच्या वृत्तान्तात देह चिरल्याचा उल्लेख नाही. काळाने आणि उन्हावाऱ्याने जी हाडे आपोआप उघडी पडली होती, ती त्यांनी पाहिली. ज्यांना जनाजा लाभला नाही अशा माणसांकडे त्यांनी पाठ फिरविली नाही. त्यांच्याकडे लक्षपूर्वक पाहिले, एवढेच.

त्या पाहण्यात एक गोष्ट त्यांना खटकली. जालीनूस हा दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य शरीररचनेतील अखेरचा अधिकार मानला जाई. बगदादमध्ये हुनैन इब्ने इस्हाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे ग्रंथ नवव्या शतकात अरबीत आणले होते. खालचा जबडा दोन हाडांचा असून ती हनुवटीपाशी जोडलेली असतात, असे जालीनूसने लिहिले होते. इब्ने सीना यांनीही आपल्या ‘अल-कानून’ या ग्रंथात तेच सांगितले. मक्सच्या टेकाडावर मात्र अब्दुल लतीफ यांना हनुवटीपाशी ना सांधा दिसला, ना शिवण. जबडा सलग एकच हाड होता.

एका कवटीवरून त्यांनी निष्कर्ष काढला नाही. त्यांनी दोन हजारांहून अधिक कवट्या पाहिल्या. मग इतरांनाही पाहायला सांगितले. काहींनी त्यांच्या समोर पाहिले, काहींनी त्यांच्या माघारी. सर्वांनी एकच सांगितले. त्यावरही न थांबता त्यांनी बूसीर येथील प्राचीन दफनस्थळांतील हाडे तपासली. इतक्या जुन्या अवशेषांत लपलेले सांधेही कालांतराने सुटे होतात. जबडा दोन हाडांचा असता तर तो तेथे तरी उकलला असता. तो तेथेही अखंडच होता.

ही पद्धत वैद्यकाच्या विद्यार्थ्याला नवी वाटेल, पण हदीसच्या विद्यार्थ्याला ओळखीची वाटेल. एखादी खबर एकाच माणसाकडून आली की अनेकांकडून, ती माणसे परस्परांशी बोलून आली की स्वतंत्रपणे, हे हदीसशास्त्रात बारकाईने पाहिले जाते. ज्या बालकाचे कान रावींच्या साखळ्या ऐकत तयार झाले, त्याने मोठेपणी हाडांच्या बाबतीतही स्वतंत्र साक्षीदार गोळा केले, यात नवल वाटत नाही.

एक हाड, दोन सांधे

जबडा एक हाड असला काय किंवा दोन असला काय, त्याने काय फरक पडतो, असे वाचकांना वाटू शकेल. फरक पडतो, तो चावण्याच्या क्रियेत दिसतो.

खालचा जबडा घोड्याच्या नालेसारखा वाकलेला असतो. त्याच्या मधल्या कमानीवर खालचे १६ दात बसतात. दोन्ही टोके कानाच्या दिशेने वर चढतात आणि प्रत्येक टोकाला एक गोलसर डोके असते. हे डोके कानाच्या अगदी पुढे, कवटीच्या हाडातील एका खोबणीत बसते. डोके आणि खोबण यांच्यामध्ये एक लवचीक चकती असते. कानाच्या पाळीपुढे बोट ठेवून तोंड सावकाश उघडले की हा सांधा बोटाला जाणवतो. प्रथम डोके जागच्या जागी फिरते, दरवाजाच्या बिजागरीसारखे. तोंड आणखी उघडले की ते चकतीसह पुढे सरकते. फिरणे आणि सरकणे ही दोन्ही कामे हा एकच सांधा करतो.

चावण्याचे बळ स्नायूंकडून येते. दात आवळले की गालाच्या मागच्या भागात एक स्नायू टणक होतो आणि कानशिलावर दुसरा फुगतो. हे दोघे जबडा वर खेचतात. जबड्याच्या आतल्या अंगाला आणखी दोन स्नायू असतात. त्यांतील एक वर खेचण्यास मदत करतो, दुसरा जबड्याचे डोके पुढे ओढतो. डाव्या-उजव्या स्नायूंनी आळीपाळीने ओढ दिली की जबडा आडवा सरकतो आणि दाढांखाली घास दळला जातो.

आता हाड एकच असल्यामुळे एका बाजूचा सांधा हलला आणि दुसऱ्या बाजूचा स्थिर राहिला, असे कधीच घडू शकत नाही. उजव्या दाढेखाली घास असताना उजवीकडचे डोके बहुतांशी जागीच फिरते, पण त्याच वेळी डावीकडचे डोके पुढे आणि आत सरकत असते. एका बाजूने चावतानाही काम दोघांचे होते. एका बाजूच्या सांध्यावर ताण आला तर दुसरीला त्यात सहभागी व्हावेच लागते. तिलावत करताना अरबी अक्षरे आपापल्या मखरजातून स्वच्छ निघावीत म्हणून जबडा ज्या मापाने उघडतो आणि मिटतो, तेही या दोन सांध्यांच्या जोडीने साधते. जबडा एकसंध आहे हे न ओळखता ही जोडी नीट समजणे कठीण होते.

जालीनूस चुकला कसा?

जालीनूस निष्काळजी नव्हता. त्याच्या काळी रोममध्ये मानवी देहाचे विच्छेदन होत नसे. त्याने मुख्यतः माकडे, डुकरे, गुरे अशा प्राण्यांवर अभ्यास केला होता. अनेक प्राण्यांत जबड्याचे दोन अर्ध हनुवटीपाशी आयुष्यभर पुरते सांधत नाहीत. ईद-उल-अझहानंतर ज्यांच्या घरी बोकडाची मुंडी शिजते, त्यांनी हे पाहिलेही असेल. भरपूर शिजल्यावर खालचा जबडा समोरून दोन भागांत सुटतो. माणसाच्या बाबतीतही नवजात बाळाचा जबडा दोन भागांचाच असतो. ते भाग पहिल्या वर्षभरात, म्हणजे साधारण बाळाला दात येऊ लागतात आणि ते घास चावायला शिकू लागते त्याच सुमारास, जुळून एक होतात. त्यानंतर तेथे सांधा उरत नाही. म्हणजे जालीनूसने सांगितले ते प्राण्याविषयी आणि तान्ह्या बाळाविषयी खरे होते. मोठ्या माणसाविषयी ते खरे नव्हते.

खरा दोष त्याच्या नंतरच्यांचा होता. हजार वर्षे ज्यांच्या हाती त्याचा ग्रंथ होता, त्यांनी ग्रंथातील वाक्य पुढे दिले, पण आपल्या हनुवटीखालचे हाड खरोखर तसे आहे का, हे पाहिले नाही.

मतभेदाचा अदब

अब्दुल लतीफ स्वभावाने मृदू होते असे नाही. त्यांचे चरित्र लिहिणारे इब्ने अबी उसैबिया यांनी त्यांना दमास्कसमध्ये वृद्धापकाळी पाहिले होते. कृश, मध्यम उंचीचे, गोड वाणीचे, आणि बोलण्यापेक्षाही लेखणीने अधिक प्रभावी असे त्यांचे वर्णन करून ते सांगतात की, या विद्वानाला स्वतःबद्दल अंमळ जास्तच विश्वास होता आणि समकालीनांवर, तसेच इब्ने सीनांसारख्या पूर्वसूरींवर ते कठोर टीका करीत. हा दोष लपविण्याचे कारण नाही.

म्हणूनच जबड्याच्या प्रसंगात त्यांनी पाळलेला संयम अधिक मोलाचा वाटतो. जालीनूसची चूक हाती लागल्यावर त्यांनी त्याची थट्टा केली नाही. त्याची चिकाटी आणि काळजी फार वरच्या दर्जाची होती, हे त्यांनी आधी नोंदविले. मग इंद्रियांनी दिलेली साक्ष त्याच्या शब्दाहून अधिक खरी मानावी लागते, असा अभिप्राय दिला.

याहून मोठी गोष्ट पुढे आहे. पाठीच्या कण्याच्या तळाशी असलेले त्रिकास्थी सहा तुकड्यांचे असते, असे जालीनूसने म्हटले होते. अब्दुल लतीफ यांनी प्रथम तपासलेल्या सांगाड्यात ते एकच हाड दिसले. येथेही जालीनूस चुकला, असे जाहीर करण्याचा मोह कुणालाही झाला असता. त्यांनी आणखी सांगाडे पाहिले. त्यांत जालीनूसने सांगितल्याप्रमाणेच तुकडे आढळले. केवळ दोन सांगाड्यांत ते एकच हाड होते. त्यांनी हे सारे जसे घडले तसे लिहिले आणि जबड्याविषयी जितकी खात्री आहे तितकी या हाडाविषयी नाही, हेही सांगून टाकले. जिथे जालीनूसचे म्हणणे बरोबर ठरले, तिथे ते त्याच प्रामाणिकपणे मान्य केले. सत्याची बाजू घेणे आणि स्वतःची बाजू घेणे यांतील फरक या एका नोंदीत दिसतो.

पवित्र कुरआन आपल्याला पुन्हा पुन्हा पाहण्याचे, विचार करण्याचे आवाहन करतो, आणि ज्याचे ज्ञान नाही त्याच्या मागे जाऊ नका असे बजावतो. कान, डोळे आणि हृदय या सर्वांचा जाब विचारला जाणार आहे, हा आपला ईमान आहे. मग डोळ्यांनी जे पाहिले ते मोठ्या नावाच्या भीतीने नाकारणे ही खोटी साक्ष होईल. आणि जे पाहिले नाही ते पाहिले असे सांगणे, हीदेखील खोटीच साक्ष. अब्दुल लतीफ या दोन्हींपासून दूर राहिले. विद्यार्थ्यांना ते सांगत की, केवळ पुस्तकांवर विसंबू नये, उस्तादांकडून शिकावे, आणि रोज रात्री झोपण्यापूर्वी दिवसभरातील आपल्या वर्तनाचा हिशेब घ्यावा. उस्तादांचा एवढा आदर शिकविणाऱ्याने वैद्यकातील सर्वांत मोठ्या उस्तादाची चूक दुरुस्त केली. आदर आणि तपासणी एकत्र नांदू शकतात, हे त्यांनी करून दाखविले.

अखेरचा प्रवास

मिसरविषयीचा वृत्तान्त त्यांनी हिजरी ६०० (इ. स. १२०४) मध्ये पूर्ण केला. त्यात मिसरच्या वनस्पती आहेत, प्राणी आहेत, पिरॅमिडसारखी प्राचीन बांधकामे आहेत, खाद्यपदार्थ आहेत, दुष्काळ आहे, आणि दुष्काळाच्या प्रकरणातच जबड्याचा शोध आहे. कदाचित म्हणूनच वैद्यांचे त्याकडे लक्ष गेले नाही. पुढेही शतकानुशतके वैद्य जालीनूसचेच वाक्य शिकवीत राहिले. युरोपात १५४३ मध्ये वेसालियस याने शरीररचनेवरील आपल्या ग्रंथात मोठ्या माणसाचा जबडा एकच हाड असल्याचे दाखविले, तेव्हा अब्दुल लतीफ यांच्या नोंदीला तीनशेहून अधिक वर्षे उलटली होती. त्यांच्या हस्ताक्षरातील या ग्रंथाची प्रत आज ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. १८०० मध्ये तिचे लॅटिन आणि १८१० मध्ये फ्रेंच भाषांतर प्रसिद्ध झाले.

मिसरहून अब्दुल लतीफ जेरुसलेमला गेले आणि मस्जिद अल-अक्सामध्ये शिकवू लागले. नंतर दमास्कस, हलब आणि अनातोलियातील अर्झिंजान येथे त्यांनी अध्यापन, वैद्यकी आणि लेखन केले. त्यांनी दीडशेहून अधिक लहानमोठे ग्रंथ लिहिले. त्यांतील बहुतेक आज उपलब्ध नाहीत. इब्ने माजा (रह.) यांच्या हदीससंग्रहातील वैद्यकविषयक हदीसांवर त्यांनी केलेले विवेचन मात्र एका शिष्याने वेचून चाळीस हदीसांच्या पुस्तकात जतन केले. बालपणी कानांवर पडलेले हदीस आणि मोठेपणी आत्मसात केलेले वैद्यक यांची भेट त्या छोट्या पुस्तकात झाली आहे.

वृद्धापकाळी त्यांनी हजचा संकल्प केला. वाट बगदादवरून होती. चार दशकांहून अधिक काळानंतर ते आपल्या जन्मगावी परतले, सोबत खलिफा अल-मुस्तनसिर यांना भेट देण्यासाठी काही ग्रंथ होते. तेथेच ते आजारी पडले. मुहर्रम ६२९, म्हणजे नोव्हेंबर १२३१ मध्ये त्यांचे निधन झाले आणि वडिलांच्या कबरीशेजारी त्यांना दफन करण्यात आले. ज्या वडिलांनी बोट धरून हदीसच्या मजलिसीत नेले, त्यांच्याच शेजारी त्यांना अखेरची जागा मिळाली.

मक्सच्या टेकाडावरील त्या दोन हजारांची नावे कुणालाच ठाऊक नाहीत. त्यांत मातापिता असतील, मुले असतील, शेतकरी असतील. ज्या जबड्यांना अखेरच्या दिवसांत चावायला घास मिळाला नाही, त्यांनीच मानवजातीला जबड्याचे खरे रूप दाखविले. आपल्या दस्तरख्वानवर घास येतो, तो चावण्याची शक्ती येते, ही केवढी नेमत आहे, हे त्यांच्यावरून कळते. ‘बिस्मिल्लाह’ म्हणून पहिला घास तोंडात घालताना त्या नेमतीचा आणि शेजारच्या घरी चूल पेटली आहे की नाही याचा, दोन्हींचा विचार आपल्या मनात यावा.

अल्लाह अब्दुल लतीफ अल-बगदादी यांच्यावर आणि त्या सर्व अनाम मृतांवर रहमत करो, आपल्या मुलामुलींना पाहण्याची नजर, विचारण्याचे धैर्य आणि मतभेदाचा अदब देवो, आणि कोणत्याही वस्तीवर भुकेचे दिवस न आणो. आमीन.